स्नेहसूची कोणाच्या हाती?

मंडळाच्या कार्यकारिणीने सभासदांची स्नेहसूची यंदापासून छापील पुस्तिकेऐवजी पीडीएफ स्वरूपात तयार करून व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावरून सर्वांना पाठविण्याचे ठरविले आहे. तिच्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक, घरातील सर्वांच्या जन्मतारखा, विवाहाचा दिनांक, मुले परगावी अथवा परदेशी असल्यास तेथील ठिकाण व नोकरी आणि कुटुंबाचे एक छायाचित्र असेल. शेवटी वधूवर विभाग जोडावयाचा आहे. छपाईचा खर्च वाचेल आणि देशोदेशी विखुरलेल्या आपल्या मुलाबाळांपर्यंत सूची क्षणात पोहोचेल, अशी दोन कारणे परिपत्रकात दिली आहेत. दोन्ही खरी आहेत. तरीही या निर्णयाला आमचा स्पष्ट विरोध आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठी संपादकांनी दिलेल्या जागेचा आम्ही उपयोग करीत आहोत.

विरोधाचा उच्चार करताच जो प्रश्न समोर येतो तो ठरलेला आहे : आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? कार्यकारिणीतील तरुण मंडळी हा प्रश्न हसून विचारतात आणि आमच्या वयाचे ज्येष्ठ तो तितक्याच निरागसपणे विचारतात. लपविणे आणि राखणे ही मराठीत दोन निराळी क्रियापदे आहेत, याचा दोघांनाही विसर पडलेला दिसतो. ग्वाल्हेरच्या किंवा इंदूरच्या जुन्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना ओसरी, माजघर, देवघर हा क्रम समजावून सांगावयास नको. दूधवाला ओसरीपर्यंत येई, सोयरेधायरे माजघरात येत आणि देवघरात घरचे लोक. माजघरात काही चोरीचा माल दडविलेला नसे. तेथे कोणी यावयाचे हे घरच्या माणसांनी ठरवावयाचे, एवढाच त्या उंबरठ्याचा अर्थ होता. आज तो उंबरठा आपल्या खिशातल्या यंत्रात आला आहे, आणि आपण तो स्वहस्ते काढून टाकीत आहोत.

खरे पाहता आपल्या समाजाला तरी ही गोष्ट परकी वाटावयास नको होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे दप्तरासह भोपाळला आली. त्यांच्या पुढच्या पिढीतील आमच्यासारख्या अनेकांनी याच शासनाच्या सेवेत उभे आयुष्य काढले. या सेवेत 'गोपनीय' हा शब्द केवळ शिक्का नव्हता. गोपनीय चरित्रावली दुहेरी पाकिटातून जाई, आतल्या पाकिटावर लाखेची मोहोर असे आणि ती कोणी, कधी, कोणाकडे सोपविली याची नोंद होई. एखाद्या लिपिकाने सहकाऱ्याची चरित्रावली घरी नेली असती तर त्याची विभागीय चौकशी अटळ होती. तोच लिपिक सेवानिवृत्त होऊन आज शंभर कुटुंबांच्या जन्मतारखा एका बोटाने पुढे ढकलताना क्षणभरही थांबत नाही. नस्ती सरकारची होती म्हणून जपली आणि माहिती आपलीच आहे म्हणून उधळली, असा हा उफराटा न्याय आहे.

माहिती कशी झिरपते हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी महाराणा प्रताप नगरात एक दुपार घालवावी. (या भागाला पूर्ण नावाने कोणी हाक मारीत नाही. रिक्षावाल्याला 'एमपी नगर' एवढेच कळते आणि नवखा पाहुणा त्याचा अर्थ 'मध्य प्रदेश नगर' असा लावतो.) बोर्ड ऑफिस चौराह्यापासून आत वळले की झोन एक व झोन दोनच्या गल्ल्यांमधून कोचिंगचे वर्ग, छायाप्रतींची दुकाने, मोबाईल दुरुस्तीची टपरीवजा दालने आणि एमपी ऑनलाइनची किऑस्क यांची दाटी आहे. नोकरीचा अर्ज भरावयास आलेला मुलगा आधार, समग्र आयडी, दहावीची गुणपत्रिका आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर पाठवितो. दुकानदार ते संगणकावर उतरवितो, छापतो, पैसे घेतो. मुलगा निघून जातो, त्याची कागदपत्रे तेथेच राहतात. दुकानदार अप्रामाणिक असतो असे आमचे म्हणणे नाही. काम झाल्यावर ती पुसून टाकावयाची असतात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. कोचिंगच्या चौकशी-वहीत नाव आणि क्रमांक लिहून घरी पोहोचेपर्यंत दुसऱ्याच वर्गाचा दूरध्वनी येतो, हा अनुभव तर नातवंडे असलेल्या प्रत्येक घराला आहे.

समग्र आयडीचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. आपल्या राज्यात कुटुंबाला आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याला नऊ अंकी क्रमांक असतो. योजनांचा लाभ देताना खोट्या नावांना आळा बसावा हा हेतू चांगला आहे. पण आधार एका माणसाची ओळख सांगतो आणि समग्र संपूर्ण घराची नाती एका धाग्यात ओवतो, हे ध्यानात ठेवून तो क्रमांक हाताळावयास हवा. प्रत्यक्षात तो पानाच्या टपरीवरही विचारला तर लोक सांगतील. याबाबतीत शासनानेही नागरिकाला नीट शिकविलेले नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने आधारची छायाप्रत सरसकट कोणालाही देऊ नये, शेवटचे चारच अंक दिसतील अशी झाकलेली प्रत द्यावी, असे जाहीर केले. सल्ला उत्तम होता. परंतु गैरसमज होण्याचा संभव आहे असे म्हणून सरकारने दोनच दिवसांत तो मागे घेतला. सल्ला मागे गेला, झाकलेल्या प्रतीची सोय मात्र आजही आहे. वाचकांपैकी किती जणांनी ती वापरली आहे?

आपली स्नेहसूचीही याच एमपी नगरातील एखाद्या दुकानात जुळविली जाणार आहे. त्या संगणकात ती राहील. समूहावरील प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत राहील, त्याच्या मुलाच्या जुन्या यंत्रात राहील, आणि ते यंत्र विकले गेले की विकत घेणाऱ्याकडेही राहील. छापील पुस्तिका हरवली तर एक प्रत हरवते.

आता हे सारे ज्याच्या हाती पडते त्याला त्याचा उपयोग काय, हे पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये येथील अरेरा कॉलनीत एका उद्योजकाला त्याच्याच घरातील खोलीत 'डिजिटल अटक' करण्यात आली होती. दूरसंचार नियामक, सीबीआय आणि पोलीस यांचे अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्यांनी कित्येक तास त्यांना कॅमेऱ्यासमोरून हलू दिले नाही. राज्याच्या सायबर पोलिसांनी प्रत्यक्ष घरी पोहोचून सुटका केली, म्हणून पैसे वाचले. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही, हे त्याच्या काही दिवस आधी, २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सांगितले होते. तरीही शिकलीसवरलेली माणसे फसत राहिली आणि अखेर १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविला. या टोळ्यांपैकी अनेकांचे अड्डे कंबोडिया, म्यानमार अशा देशांत असतात. येथील ठाणेदाराचा हात तेथवर पोहोचत नाही.

असा दूरध्वनी करणाऱ्याला भांडवल कसले लागते? पलीकडच्या माणसाचे वय, घरात आणखी कोण आहे आणि मुलगा कोठे आहे. 'तुमच्या मुलाला पकडले आहे' या वाक्यावर आपण फोन ठेवून देतो. 'तुमच्या मुलाला म्युनिकमध्ये पकडले आहे' या वाक्यावर आईचे हातपाय गळतात. दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द पुरविण्याचे काम आपले मंडळ, छपाईचा खर्च वाचवून, करणार आहे. सत्तर-पंचाहत्तरीची किती जोडपी या शहरात आज एकटी राहतात आणि त्यांची मुले कोठे आहेत, याची याहून चोख यादी कोणत्या भामट्याला मिळेल?

वधूवर विभागाविषयी अधिक लिहिण्याची गरज पडू नये. पूर्वी ही नोंदवही कपाटात असे. मुलीचे वडील येत, कार्यवाहांसमोर बसून ती चाळीत, दोन-तीन पत्ते उतरवून घेत. आता पंचवीस वर्षांच्या मुलीचे छायाचित्र, जन्मवेळ, उंची, पगार आणि कंपनीचे नाव समूहातून समूहात फिरेल. तिचे लग्न होईल, तिला मुले होतील, आणि ते पान फिरतच राहील. तिची संमती कोणी घेतली? अर्जावर वडिलांची सही असते.

चुकीची माहिती नुसती हातात असली तरी काय घडू शकते याचे एक उदाहरण मराठी माणसाने तरी विसरू नये, कारण ते पुण्याचे आहे. २००७ साली ऑर्कुट या गूगलच्या संकेतस्थळावर शिवछत्रपतींची विटंबना करणारे चित्र प्रसिद्ध झाले. संताप योग्यच होता. पोलिसांनी गूगलकडून त्या संगणकाचा आयपी पत्ता मिळविला आणि तो पत्ता कोणाचा, हे एका दूरसंचार कंपनीस विचारले. कंपनीने नाव दिले ते बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याचे. ३१ ऑगस्ट २००७ रोजी त्याला घरातून उचलून पुण्यास आणले गेले. तो येरवड्यात सुमारे पन्नास दिवस होता, आणि मग उमगले की माहितीच चुकीची होती. ते चित्र त्याने टाकलेले नव्हते. म्हणजे माहिती अमेरिकी कंपनीच्या ताब्यात, ओळख पटविणारी कंपनी भारतातली, तक्रार पुण्यातली आणि तुरुंगात गेलेला माणूस बंगळूरचा. पुढे ऑर्कुटही २०१४ मध्ये बंद पडले. त्या तरुणाचे पन्नास दिवस मात्र कोणाच्याच खात्यावर नीट जमा झाले नाहीत. महाराजांच्या नावाने निरपराध माणूस कोठडीत जावा, यात महाराजांचा कोणता गौरव झाला, हे आम्हांस तरी समजलेले नाही.

'खाजगीपणाचा हक्क' ही पाश्चात्त्यांची चैन आहे, असाही एक आक्षेप ऐकू येतो. आक्षेप घेणाऱ्यांना हे ठाऊक नसावे की या हक्काच्या भारतीय इतिहासात आपल्या राज्याचे नाव दोनदा ठळकपणे आले आहे. १९७५ चा 'गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' हा खटला पाहावा. आपल्या पोलीस नियमावलीतील ८५५ आणि ८५६ या नियमांनुसार संशयिताच्या घरावर पाळत ठेवता येत असे, रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावता येत असे. न्या. मॅथ्यू यांनी ते नियम रद्द केले नाहीत, परंतु नागरिकाच्या घरातील एकांताला घटनेच्या मूलभूत हक्कांत जागा असू शकते हे मान्य केले, आणि हे जुने नियम घटनाबाह्यतेच्या काठावर उभे आहेत, त्यांचा फेरविचार करा, असे शासनास बजावले. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीतील तो कुप्रसिद्ध निकाल आला. तो 'एडीएम जबलपूर' या नावाने ओळखला जातो, म्हणजे आमच्याच शासनातील एका पदाच्या नावाने. अटक झालेल्या नागरिकाला आणीबाणीत न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही, असे चार न्यायमूर्तींनी म्हटले. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरोधी मत दिले. चौघांत न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते.

एक्केचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि त्यातील प्रमुख निकालपत्र लिहिताना न्या. धनंजय चंद्रचूड यांनी ज्या जबलपूर निकालात वडिलांची सही होती तो मोडीत काढला. पितापुत्रांच्या या कथेत मराठी माणसाने अभिमान मानावा की संकोच, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हांस दोन्ही वाटतात. त्या खटल्यात सरकारचे म्हणणे असे होते की १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी असा हक्क नाकारलेला आहे. (हे 'एम. पी.' मध्य प्रदेश नव्हेत आणि महाराणा प्रतापही नव्हेत.) आणि याचिका कोणी केली होती? कर्नाटकचे सेवानिवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. 'आता या वयात कशाला' असे म्हणून जे सेवानिवृत्त सभासद आमचे पत्र बाजूस ठेवतील, त्यांच्यासाठी हा तपशील मुद्दाम दिला आहे.

हक्क मिळाला, पण तो बजावावयाचा कोठे? येथे भोपाळच्या माणसाने इतरांना शिकवावे अशी वेळ आहे. सरहद्दीपलीकडच्या कंपनीला न्यायालयात उभे करणे म्हणजे काय, हे या शहराइतके कोणत्या शहराला ठाऊक आहे? २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीचे मृत्यू आणि मोबाईलमधून गळालेली माहिती यांची तुलना करण्याचा अविवेक आम्ही करणार नाही. तुलना आहे ती कायद्याच्या वाटेची. कारखाना येथे होता. त्याचे निम्म्याहून थोडे अधिक भांडवल अमेरिकेतील युनियन कार्बाइडचे होते. भारत सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात सांगितले की आमची न्यायालये एवढा खटला पेलू शकणार नाहीत, आणि कंपनीने सांगितले की भारतीय न्यायालये उत्तम आहेत! १२ मे १९८६ रोजी न्या. कीनन यांनी खटला भारताकडे पाठविला. येथील जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई द्यावयास सांगण्याचे धैर्य दाखविले. जबलपूरच्या उच्च न्यायालयात तिचे २५० कोटी झाले. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरमध्ये अवघ्या प्रकरणाचा सौदा झाला. पीडितांना कोणी विचारले नव्हते, कारण १९८५ च्या कायद्याने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला होता. अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला येथे पकडले गेले आणि त्याच दिवशी सुटले. ते परत आले नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकेत वारले. भरपाई वाढविण्याची अखेरची याचिका १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली.

'उपकंपनी येथे, ताबा तेथे' हे उत्तर आपण तेव्हा ऐकले. आजही तेच ऐकतो. हैदराबादच्या एका कंपनीच्या बदनामीच्या खटल्यात गूगल इंडियाने सर्वोच्च न्यायालयासमोर हेच सांगितले की ती सेवा अमेरिकेतील मूळ कंपनी चालविते, आमचा तिच्यावर ताबा नाही. १० डिसेंबर २०१९ रोजी न्यायालयाने एवढ्यावरून खटला रद्द करण्यास नकार दिला. जाहिरातींचे पैसे घेणारे कार्यालय गुरुग्रामला किंवा हैदराबादला सापडते, जबाबदार कार्यालय मात्र महासागरापलीकडेच असते. आपल्या पोलिसांना अमेरिकेतून पुरावा मागवावयाचा तर २००१ मध्ये झालेल्या परस्पर साहाय्य कराराच्या वाटेने दिल्लीमार्गे कागद जातो. शासकीय टपालाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या प्रवासाचा वेग सांगावयास नको.

आणि ज्या कायद्याने हे सारे सावरावयाचे, तो कसा आहे? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम यावयास २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि नागरिकाचे बहुतेक हक्क अधिसूचनेप्रमाणे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हावयाचे आहेत. हा कायदा भारतात सेवा पुरविणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू आहे, ही त्याची जमेची बाजू. प्रत्येक व्यक्तीचा उल्लेख त्यात स्त्रीलिंगी सर्वनामाने केला आहे, हेही छान आहे. परंतु पुढे वाचत गेले की भोपाळकराला जुनी ओळख पटू लागते. कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जमा होईल. ज्याची माहिती गळाली त्याला एक पैसाही देण्याची तरतूद नाही. उलट जुन्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३-अ, ज्याखाली निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येत होती, ते या कायद्याने काढून टाकावयाचे आहे. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेस अधिसूचनेद्वारे या कायद्यातून वगळू शकते. नुकसान आमचे, दंड सरकारचा आणि सरकारला सूट, असा हा हिशेब आहे. १९८५ मध्ये सरकार मायबाप होऊन आमच्या वतीने बोलले होते. चाळीस वर्षांनी तेच मायबाप पुन्हा दारात उभे आहे.

त्याच कायद्याच्या कलम ४४ ने माहितीच्या अधिकारातही हात घातला आहे. पूर्वी 'वैयक्तिक माहिती' नाकारताना सार्वजनिक हिताचा आणि सार्वजनिक कामकाजाशी संबंधाचा विचार करावा लागे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कलमात 'वैयक्तिक' एवढा शब्द पुरेसा झाला आहे. कलम ८(२) शिल्लक आहे, असे समाधान सांगितले जाते. ज्याने टेबलाच्या अलीकडे किंवा पलीकडे बसून माहिती अधिकाराची अपिले चालविली आहेत, त्याला या समाधानाची किंमत ठाऊक आहे. नागरिकाचे घर उघडे आणि अधिकाऱ्याची नस्ती खाजगी, असा अर्थ पुट्टस्वामींच्या विजयातून काढला जाईल, हे त्या वृद्ध न्यायमूर्तींच्या मनातही आले नसेल.

तुलनेसाठी युरोपकडे पाहावे. तेथील माहिती-संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. कंपनीच्या जगभरच्या उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंड त्यात आहे, आणि बाधित व्यक्तीस नुकसानभरपाईचा हक्कही आहे. युरोपीय नागरिकांची माहिती अमेरिकेस नेल्याबद्दल मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटा कंपनीला १२० कोटी युरो दंड केला. म्हणजे सरहद्द ओलांडणाऱ्या माहितीला जाब विचारता येतो. जाब विचारणारा हवा. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवे धोरण आणले तेव्हा युरोपसाठी एक आणि आपल्यासाठी दुसरे, असा पंक्तिप्रपंच केला होता. मुलगा जर्मनीत आणि आईवडील शिवाजीनगरात, बोलतात एकाच व्हॉट्सअ‍ॅपवर, पण मुलाचा हक्क जाड आणि आईचा पातळ. भारतीय स्पर्धा आयोगाने त्याबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींहून अधिक दंड केला आणि पुढील वर्षी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मुलाने प्रेमाने पाठविलेले मनगटी घड्याळ आपली झोप आणि हृदयाचे ठोके मोजते. ते आकडे कोणत्या देशाच्या कोठारात जातात हे पाठविणाऱ्याला माहीत नसते आणि घालणाऱ्याला विचारावेसे वाटत नाही. 'सहमत आहे' या बटणावरील बोट हीच आपली संमती!

सरकार बदलणे, कंपन्या वठणीवर आणणे हे आपल्या मंडळाच्या आवाक्यातले नाही, हे आम्ही जाणतो. आपली स्नेहसूची मात्र आपल्या हाती आहे. नव्या कायद्यात कागदावरची वही येत नाही, पण तीच संगणकावर उतरली की येते. ती तयार करणारे मंडळ, मग ते कितीही लहान असो, त्या माहितीचे जबाबदार धारक ठरते. घरगुती वापरासाठी व्यक्तीला जी सूट आहे ती संस्थेला नाही. कार्यकारिणीतील मंडळी सेवाभावी आहेत, त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. उद्या एखाद्या सभासदाने 'माझी माहिती कोणाच्या परवानगीने पाठविली' असे विचारले तर कार्यवाहांनी कोणता कागद दाखवावा, एवढेच आम्ही विचारीत आहोत.

आमची सूचना अशी आहे. सूची छापील असावी. तिच्यात नाव, वसाहत आणि सभासदाने लेखी संमती दिली असेल तरच दूरध्वनी क्रमांक असावा. जन्मतारखा, मुलांचे ठावठिकाणे आणि कौटुंबिक छायाचित्रे नसावीत. अडीअडचणीला लागतील म्हणून रक्तगट आणि जवळच्या नातेवाइकाचा क्रमांक घ्यावयाचा असेल, तर तो कार्यवाहांच्या वहीत राहावा. वधूवर नोंदणी पूर्वीप्रमाणे कपाटात असावी आणि तिच्यातील अर्जावर त्या मुलाची अथवा मुलीची स्वतःची सही असावी. विवाह ठरल्याचे कळताच तो अर्ज परत करावा. जुळणी करणाऱ्या दुकानातून मजकूर पुसल्याची खात्री कार्यकारिणीपैकी एकाने समक्ष करून घ्यावी. छपाईचा वाढीव खर्च वर्गणीतून न भागल्यास तो आपसांत वाटून घेण्यास आम्ही आणि आमचे काही स्नेही तयार आहोत. या आशयाचा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडण्याची लेखी सूचना आम्ही कार्यवाहांकडे दिली आहे. नियमाप्रमाणे तिला अनुमोदक हवेत. सभेपूर्वी ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी समक्ष यावे. ठरावाचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेला नाही.